बारा खोल्यांचं बटण

जिगीषाच्या लॅपटॉपवर पहिला डाग पडला तो गाठियाच्या तेलाचा. वालजीभाईंनी पडद्याच्या बरोबर मधोमध बोट टेकवलं आणि म्हणाले, "इथे. माझा फोटो इथे."

पडद्यावर तेव्हा काहीही नव्हतं. नुसतं पांढरं पान होतं, कारण काम अजून ठरायचंच होतं. पण रिकामी जागा दिसली की तिथे आपला चेहरा दिसायला लागणं हा साडत्रीस गाम, म्हणजे सदतीस गावांच्या, समाजाच्या प्रमुखपदाचा एक भागच असावा. त्यांच्या आधीच्या प्रमुखांचंही तसंच होतं म्हणतात. त्यांचा फोटो अजून समाजाच्या भवनाच्या पाण्याच्या टाकीवर आहे.

राजकोटात रविवारची मीटिंग म्हणजे गाठिया. टेबलावर वर्तमानपत्रं पसरलेली, त्यांवर हाताने वळलेल्या वणेला गाठियांचा ढीग, तळलेल्या मिरच्या, किसलेल्या कच्च्या पपईचा संभारो, आणि त्याभोवती सात विश्वस्त. समाजाचा विषय निघाला की त्यांना भूक लागते आणि भूक भागली की विषय संपतो. जिगीषा गाठिया खाऊनच वाढलेली. पण पुढे त्या कामाचे चार महिने सरले तेव्हा तिची अशी अवस्था झाली होती की कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याने कढई चढवली की ती रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जायची.

काम साधं होतं. मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत समाजाचं अतिथी भवन आहे. बारा खोल्या. साडत्रीस गावांतून कोणी पेशंट घेऊन आलं, तर बरोबरच्या माणसांना डोकं टेकायला जागा मिळावी म्हणून आजोबांच्या पिढीने बांधलेलं. भाडं नाही. फक्त खोली मिळवायची रीत अशी होती की गावातल्या माणसाने ओळखीच्याला फोन करायचा, ओळखीच्याने विश्वस्ताला, विश्वस्ताने भवनाच्या व्यवस्थापकाला, म्हणजे मनसुखला, आणि मनसुखने खिशातला चाव्यांचा जुडगा काढायचा. मधली एक कडी नसली की मनसुख सांगायचा, "फुल्ल आहे."

तीन वर्षांपूर्वी जिगीषाचे वडील त्या दवाखान्यात होते. तेव्हा ती बेंगळुरूला नोकरीला होती. ती धावत येऊन पोचेपर्यंत तिची आई दवाखान्याच्या जिन्याखाली टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून झोपत होती. जिगीषा भवनात गेली. मनसुखने सांगितलं, फुल्ल आहे. सात नंबरला बाहेरून कुलूप होतं आणि कुलपावर धूळ होती.

"हे?" तिने विचारलं.

"राखीव."

"कोणासाठी?"

"ते वरच्यांना माहीत, बेन. आपण खालची माणसं."

वडील घरी आले, बरे झाले. आईची पाठ मात्र त्या पुठ्ठ्यावर धरली ती अजून सुटलेली नाही. म्हणूनच समाजाला भवनासाठी 'कायतरी मोबाईलवर चालेल असं' हवंय हे कानावर आल्यावर, नोकरी सोडून राजकोटला परत आलेली जिगीषा आपण होऊन मीटिंगला आली होती.

"किती?" गोरधनभाईंनी विचारलं. ते खजिनदार. तेवढा एक शब्द ते इतक्या वेळा वापरत की दुसरे शब्द त्यांच्याकडे शिल्लक पडून होते.

"चाळीस हजार."

"वर्षाचे?"

"एकदाचे, काका. सर्व्हरचं भाडं वेगळं. ते फार नाही. तुमच्या दोन मीटिंगांच्या गाठियाएवढं."

"बेन, माझ्या साडूच्या मुलाने लग्नाची पत्रिका मोबाईलवर बनवली. फुकट! वर त्यात गाणंही वाजतं."

"मग त्याच्याकडूनच करून घ्या. पेशंटच्या माणसाने खोली मागितली की गाणं वाजेल."

वालजीभाई खो खो हसले. गोरधनभाई हसले नाहीत, त्यांनी मिरची चावली. घासाघीस होत होत आकडा अठरा हजारांवर आला. जिगीषा तिथे थांबली आणि म्हणाली, "चालेल. पण एक अट आहे. खोली रांगेने मिळणार. ज्याचा नंबर पहिला त्याला पहिली. रांग मोडून कोणालाही नाही. विश्वस्तांच्या पाहुण्यालाही नाही."

"हां हां, लाईन तर लाईन," वालजीभाई म्हणाले. "लोकशाही आहे."

"आणि ज्याने खोली घेतली त्याने संध्याकाळी सहाच्या आत दवाखान्याच्या कागदाचा फोटो टाकायचा. नाही टाकला तर खोली पुढच्याला जाईल, आणि त्याचा मोबाईल नंबर वर्षभर बंद. नाहीतर लोक उगाच अडवून ठेवतील."

"बरोब्बर! अडवणाऱ्याला फटकाच पाहिजे," वालजीभाई म्हणाले. "मंजूर?"

सात हात वर झाले. पाच हातांत गाठिया होते.

जिगीषाने बेत आखला तो पैशाला धरून. ॲप-बिप उतरवून घ्यायची भानगड नको, साधं वेब पान, जुन्यातल्या जुन्या मोबाईलवर उघडेल असं. नंबर टाका, नाव टाका, रांगेत उभे राहा. आपली पाळी कितवी, ते मोठ्या अक्षरांत. बस. रांगेतल्या माणसाला मेसेज पाठवायची सोय तिने सुचवली, तेव्हा गोरधनभाईंनी दर मेसेजला किती ते विचारलं आणि "लोक बघतील की पान उघडून, त्यांना दुसरं काय काम आहे" असं म्हणून तो विषय निकालात काढला. तिने तेही मान्य केलं. मग पान हलकं हवं, भरभर उघडायला हवं. जसदणच्या बाजूच्या एका गावात, मामाच्या शेतावर, जिथे मोबाईलला धड रेंज येत नाही तिथे बसून तिने ते पान उघडून पाहिलं. म्हैस एकदा शेपूट हलवेपर्यंत उघडलं. इतकी छान वस्तू तिने बेंगळुरूतल्या मोठ्या कंपनीतही केली नव्हती.

मग फोटो आले.

एकूण सतरा. विश्वस्त सात, माजी विश्वस्त चार, आणि उरलेले सहा कोण ते कोणालाच नक्की सांगता येईना, पण काढता येण्यासारखे नव्हते. प्रत्येक फोटो स्टुडिओत काढलेला, मागे निळा पडदा, गळ्यात उपरणं, आणि वजन असं की एकट्या वालजीभाईंचा फोटो उघडायलाच म्हशीला शेण टाकून, रवंथ करून, झोप काढायला वेळ मिळाला असता. पुढच्या तीन मीटिंगा फोटोंचा क्रम ठरवण्यात गेल्या. वयाने लावावे की देणगीने? एका विश्वस्ताने दोन्ही मान्य केलं, पण मग त्याच्या लक्षात आलं की दोन्हीत आपण पाचवे येतो.

जिगीषाने फोटो लहान केले आणि 'आमच्याविषयी' असं वेगळं पान करून तिकडे नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

"बेन, माझे गाल कुठे गेले?" वालजीभाई विचारत होते.

"काका, फोटो हलका केलाय. गावाकडे नेट कमी असतं."

"मग नेट वाढवा! गाल कशाला कमी करता?"

शेवटी सतरा डोकी पहिल्या पानाच्या तळाशी टिकलीएवढ्या आकारात आली, आणि वालजीभाईंची टिकली जराशी मोठी. त्या रात्री जिगीषाने लॅपटॉपचा पडदा स्पिरिटने पुसला. तेल गेलं, वास राहिला. नाकातच राहिला असेल कदाचित.

पैसे नव्हते ते मेसेजला नव्हते आणि जिगीषाला नव्हते. कुलपांना होते. वालजीभाईंचा भाचा मितेश आकड्यांची इलेक्ट्रिक कुलपं विकायचा. "मॉडर्न!" वालजीभाई म्हणाले. "आकडा दाबला की दार उघडतं. मोबाईलवर आकडा येणार, मनसुखच्या जुडग्याची कटकट नको." बारा कुलपं आली. त्यांचा भाव बाजारात विचारला असता निम्मा निघाला असता, म्हणून कोणी विचारला नाही. जिगीषाच्या सबंध मोबदल्यात त्यातलं एक कुलूप बसलं असतं, दुसऱ्याला उधारी पडली असती. तरी तिने ती पानाला जोडली. रोजचा आकडा रोज नवा, आणि तो फक्त ज्याची पाळी त्याच्याच मोबाईलवर.

मितेश म्हणाला, "काकाजी, सगळी दारं एका कार्डाने उघडणारं यंत्र पण येतं. ते वेगळं घ्यावं लागतं."

"किती?" गोरधनभाई.

मितेशने सांगितलं.

"दार उघडायचं म्हणून तर कुलूप घेतलं. आता कुलूप उघडायला आणखी यंत्र? तू आम्हाला काय समजतोस?" असं म्हणून गोरधनभाईंनी ते यंत्र कापलं. समाजाचे पैसे वाचवल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभर होतं.

उद्घाटन आठवड्यावर आलं तेव्हा गोरधनभाई एकदा जिगीषाच्या घरी आले. हातात पेढ्यांचा पुडा होता. आईने चहा ठेवला. त्यांनी आईच्या पाठीची चौकशी केली, कशामुळे धरली ते विचारलं नाही, आणि आई आत गेल्यावर खुर्ची पुढे ओढली.

"बेन, रांग फार सुंदर केलीत. फक्त एक छोटीशी मागची वाट ठेवा. तीन खोल्या. रांगेत दिसणारच नाहीत. आम्ही दोघं-तिघं मोबाईलवरून उघडू शकू, एवढंच."

"काका, अट काय होती?"

"अट आहेच की! नऊ खोल्यांना आहे ना! तुमची अट आम्ही पाऊण पाळतोय. आजकाल कोण पाळतं?"

जिगीषाने पुढ्यातला पेढ्यांचा पुडा बाजूला सारला. आत आईला ऐकू जाऊ नये अशा आवाजात ती म्हणाली, "मागची वाट म्हणजे नवं काम, काका. वेगळं बांधावं लागेल, ती कोणाला दिसू नये म्हणून आणखी वेगळं. त्याचे पैसे पडतील."

हे ती टाळायला बोलली होती. पुढे काय होईल याची तिला कल्पना नव्हती.

"किती?"

"पस्तीस हजार."

गोरधनभाईंचा पेढा हातातच राहिला. चेहऱ्यावरून सगळा रंग उतरला. लबाडी करायला त्यांची तयारी होती, लबाडीचे पैसे द्यायला नव्हती. "पस्तीस? तीन खोल्यांना? एवढ्यात तर..." ते बराच वेळ मनात काहीतरी भागत बसले. मग पेढा तोंडात टाकून उठले. "राहू दे. मनसुख आहे ना, आपण हातानेच करू. तुमचं ते पान चालू राहू दे, दिसायला छान आहे."

"आणि कुलपं?"

"ते बघू."

ते गेल्यावर जिगीषा पुड्याकडे बघत बसली. फसवायचं होतं तर निदान मन मोठं करून फसवावं. हे असं सवलतीच्या दरात फसवणं बघून तिला स्वतःच्या अठरा हजारांचीही किळस आली. म्हणजे आपण चार महिने खपून सतरा टिकल्यांची चौकट बनवली. रांग असेल, पण दिसायला. पेढे तिने जिन्याखालच्या कुत्र्यांना घातले. त्यांनी खाल्ले. कुत्र्यांना अट नसते.

तरी ती दवाखान्यात गेली. पान खऱ्या माणसांच्या हातात देऊन बघायचं होतं. जिन्याखाली, आई झोपायची त्याच कोपऱ्यात, रतनबेन नावाची एक बाई बसली होती. साडत्रीस गावांपैकीच एका गावची. नवऱ्याचं मूत्रपिंडाचं दुखणं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मुलीने दिलेला मोबाईल कमरेच्या पिशवीत. जिगीषाने तिला पान उघडून दाखवलं.

"हे दाबलं की रांगेत. पाळी आली की इथेच खोलीचा नंबर दिसेल आणि कुलपाचा आकडा."

"पैसे?"

"नाहीत."

"मग ओळख कोणाची सांगायची?"

"कोणाचीच नाही."

रतनबेनने मोबाईल परत पिशवीत घातला. "ओळखीशिवाय देतात म्हणजे खोलीत काहीतरी असणार. साप तरी, नाहीतर भूत तरी."

"काही नसतं, मासी. रविवारी दुपारी चालू होईल. दाबून तर बघा."

"बघते," रतनबेन म्हणाली, "पण असणार."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तयारीची मीटिंग झाली. अर्थात गाठिया होते. तिथे उछामणीची गोष्ट निघाली. म्हणजे बोली. समाजात कुठलंही पहिलं काम फुकट होत नाही. पहिली आरती, पहिला दिवा, पहिला घास, सगळ्याची बोली लागते. जो जास्त बोलेल त्याला मान. आता पहिलं बटण दाबायचा मान होता.

"एकच बटण, एकच मान," वालजीभाई हळहळले. "सुरतेचे हिरेवाले येणार आहेत. एकाला दिला तर बाकीचे रुसतील."

तेव्हा गोरधनभाईंचा चेहरा उजळला. आयुष्यात एकदाच अशी कल्पना सुचते. "खोल्या बारा आहेत ना? मग बटणं बारा! एकेका खोलीचं बटण एकेकाने दाबायचं. मोठ्या पडद्यावर नाव येणार, 'खोली नंबर एक, अमुकभाई तमुकभाई'. बारा माणसं, बारा बोल्या!"

टाळ्या पडल्या. संभारो सांडला.

"काका," जिगीषा म्हणाली, "ते बटण खोली घ्यायचं आहे. दाबलं की त्यांच्या नंबरवर खोली लागेल. मी उद्यापुरतं खोटं बटण करून देते, नाव येईल, बाकी काही होणार नाही."

सगळे तिच्याकडे असे बघायला लागले जणू तिने ताटात काहीतरी टाकलं.

"खोटं?" वालजीभाई म्हणाले. "मुहूर्ताला खोटं? माणूस लाख-लाख बोलून मान घेणार आणि आपण त्याला खोटं बटण द्यायचं? बेन, पाप लागेल. समाजाच्या देवाला आपण खोटा नारळ फोडतो का?"

"मग सहाच्या आत कागद टाकावा लागेल. नाहीतर खोली रांगेतल्याला जाईल आणि त्यांचे नंबर वर्षभर..."

"हां हां, कळलं."

"मी स्पष्ट सांगतेय."

"अहो कळलं म्हटलं ना! फटका पाहिजेच. तुम्ही गाठिया घ्या."

तिने घेतले नाहीत.

रविवारी दुपारी भवनाच्या अंगणात मांडव, मांडवात पडदा, पडद्यावर बारा खोल्या. ओसरीवर सुरतेहून आलेल्या पाहुण्यांच्या बॅगा रांगेने लावलेल्या, कारण रात्रीचा मुक्काम भवनातच, असं वालजीभाईंनी सगळ्यांना फोनवर सांगून टाकलं होतं. रांग म्हणावी तर तेवढी बॅगांचीच होती.

माईकवर बोली पुकारायला खास माणूस होता. त्याने "बोला भाग्यशाली!" म्हटलं आणि एक नंबरच्या खोलीने पहिल्याच आवाजात जिगीषाचा मोबदला ओलांडला. दुसऱ्या आवाजात सर्व्हरचं सात पिढ्यांचं भाडं गेलं. माणसं उभी राहून एकमेकांकडे बघून आकडे फेकत होती. बायका हातपंख्यांनी वारा घेत नवऱ्यांच्या पाठीत कोपर मारत होत्या. सुरतेच्या दोन चुलतभावांत तीन नंबरवरून अशी जुंपली की तेवढ्यात डायलिसिसचं एक यंत्र आलं असतं. जिगीषाने शेजारच्या विश्वस्ताला विचारलं, "हे पैसे कशाला?"

"संगमरवरी प्रवेशद्वार," तो डोळे मिटून म्हणाला. "दोन हत्ती. सोंडा वर."

सात नंबरची बोली खुद्द वालजीभाईंनी घेतली. ते पुढे आले, फाफडा खाल्लेलं बोट धोतराला पुसलं, पुसून जेवढं उरलं तेवढं मोबाईलवर टेकवलं. पडद्यावर त्यांचं नाव झळकलं. शंख वाजला. बारा वेळा वाजला. शेवटी शंखवाल्याच्याच छातीत कळ आली, पण ती ओसरली, नाहीतर त्यालाही खोली मिळाली नसती.

सव्वासहाला पंगत बसली. उंधियू, पुऱ्या, ओल्या तुरीच्या लिलवा कचोऱ्या. जिगीषा कोपऱ्यात खुर्ची टाकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, मांडवातल्या पडद्याकडे बघत होती. सहाला बारा नावं एकेक करून गेली होती. कोणी बघितलं नाही, कारण तेव्हा पात्रं मांडली जात होती. आता त्या जागी दुसरी नावं होती. तिने ती वाचली. एकही ओळखीचं नव्हतं, एक सोडून. फाटकातून माणसं आत यायला लागली. हातात एक्स-रेच्या पिशव्या, थर्मास, चादरींची गाठोडी. ती पंगतीला वळसा घालून, अंग चोरून, भिंतीकडेने जिन्याकडे जात होती.

आधी सुरतेच्या एका पाहुण्याला बॅग ठेवायची होती. मनसुख त्याला घेऊन वर गेला आणि तसाच खाली आला. "साहेब, दार उघडत नाही. आतून कोणीतरी खोकतंय."

वालजीभाई तुपाच्या हातानेच उठून जिगीषाकडे आले. मागे गोरधनभाई.

"बेन, हे काय? आमच्या खोल्यांत कोण शिरलंय?"

"रांगेतली माणसं, काका. तुम्ही कागद टाकला नाहीत."

"आम्ही कशाला कागद टाकू? आम्ही काय आजारी आहोत?"

"म्हणूनच खोली गेली."

"बरं बरं, झालं ते झालं. आता चार दारं तरी उघडा. पाहुणे आहेत. त्या लोकांना सांगू, उद्या या."

"माझा नंबर टाकून बघतो," गोरधनभाई म्हणाले आणि त्यांनी मोबाईल काढला. पडद्यावर लाल अक्षरं आली. पाच नंबरचं बटण त्यांनीच दाबलं होतं. "वर्षभर बंद? मी? खजिनदार?"

"फटका पाहिजेच असं ठरलं होतं."

वालजीभाई आणखी जवळ आले. वास आला. बेसन, हिंग, ओवा. "बेन, ते यंत्र तुमच्या मांडीवर आहे. तुमच्या एका बोटाचं काम आहे हे मला कळतं. करा. नाहीतर उरलेले नऊ हजार विसरा, आणि ह्या समाजात दुसरं काम तुम्हाला कोण देतं ते मी बघतो."

एका बोटाचंच काम होतं. ते तिला त्यांच्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक होतं. बोट कीबोर्डवर होतंही. वर जिन्यावर एक म्हातारा कठड्याला धरून, एकेका पायरीवर दम खात चढत होता. मागून एक मुलगी त्याचा थर्मास सांभाळत होती. जिगीषाने त्यांच्याकडे बघितलं, मग वालजीभाईंच्या हातावरून मनगटाकडे चाललेल्या तुपाकडे.

"होईल, काका," ती म्हणाली. "पण ते नवं काम आहे. बजेटमध्ये नाही." आणि लॅपटॉप मिटला.

"बंद करून टाका मग ते पान! आत्ता! मनसुख, जुडगा आण!"

"जुडग्याच्या चाव्यांना कुलपंच नाहीत, साहेब," मनसुख म्हणाला. "जुनी मितेशभाईंनी भंगारात घातली."

"तर मग उद्या सकाळी सगळं बंद!"

तेव्हा गोरधनभाईंनी त्यांची बाही धरली. इतक्या हळू बोलणारे गोरधनभाई जिगीषाने पहिल्यांदाच पाहिले. "प्रमुखसाहेब, बंद नाही करता यायचं. बारा जणांनी त्या बटणावर बोली लावलीय. बटण गेलं तर उद्या पैसे परत मागायला येतील. सुरतेचे तर आज रात्रीच मागतील."

वालजीभाई तसेच उभे राहिले. हातावरचं तूप थिजत होतं. कोपऱ्यात संगमरवरी हत्तींचं रंगीत चित्र लावलं होतं, त्याच्याकडे त्यांनी एकदा बघितलं. "किती जमले?" त्यांनी विचारलं. गोरधनभाईंनी कानात सांगितलं. वालजीभाईंनी डोळे मिटले.

"चालू राहू दे," ते म्हणाले, आणि सुरतेच्या पाहुण्यांना हॉटेल शोधायला निघून गेले.

म्हणजे रांग टिकली. चार महिने ज्याच्यासाठी खपली ते झालं, आणि जिगीषाला आनंद काही होईना. दयेने टिकली असती, लाजेने टिकली असती, निदान कोणाच्या तरी चुकीने टिकली असती तर चाललं असतं. दोन हत्तींच्या सोंडांवर टिकली. नऊ हजार तर गेलेच. तिने लॅपटॉप पिशवीत घातला. फाटकाशी पंगतीची खरकटी ताटं रचली होती, ती ओलांडताना श्वास धरला. तेवढ्यात फोन वाजला.

"बेन, मी रतन. जिन्याखालची."

"बोला मासी. मिळाली ना खोली? सात नंबर?"

"मिळाली. पण मी म्हटलं नव्हतं? आत आहे."

"काय आहे?"

"माणसं." रतनबेनचा आवाज घाबरलेला नव्हता, बरोबर ठरलेल्या माणसाचा होता. "म्हणजे फोटो. कॅलेंडरं. छतापर्यंत गठ्ठे आहेत, पाय ठेवायला जागा नाही. सगळ्यांवर एकच जाड मनुष्य, गळ्यात उपरणं. तळाचे गठ्ठे उंदरांनी खाल्लेत, वास मारतोय. आणि बेन, यात दिवाळी श्रावणात छापलीय. म्हणून वाटली नसतील."

आणि चेहरा आहे म्हणून फेकलीही नसतील, जिगीषाच्या मनात आलं.

"साल कुठलं आहे, मासी, त्यावर?"

रतनबेनने मोबाईलच्या उजेडात अक्षर अक्षर लावून साल वाचलं. तेच होतं. आई पुठ्ठ्यावर झोपली तेच. जिगीषा फाटकाला टेकून उभी राहिली. आतून पंगतीचा आवाज येत होता, कोणीतरी श्रीखंड आणखी वाढा म्हणत होतं.

"बेन? आहात ना? ह्यांना डायलिसिसहून आणलंय, थंडी वाजतेय. पलंग असेल तर गठ्ठ्यांच्या खाली असेल. काय करू?"

"उंदीर नाही लागलेले वरचे गठ्ठे सोडा आणि अंथरा, मासी. चांगला जाड थर करून. कागद चकचकीत आहे, फरशीचा गारवा वर येणार नाही. उद्या सकाळी मी येते, बाकीचे रस्त्यावर काढू."

"अंथरते." पलीकडे सुतळी तोडल्याचा आवाज आला, मग कागद पसरल्याचा. मग रतनबेन थांबली. "बेन, तोंड वर करून अंथरू की खाली करून?"

जिगीषाने विचार केला. घाईत सांगण्यासारखी गोष्ट नव्हती.

"खाली," ती म्हणाली. "नाहीतर साडीला तेल लागेल."